१२७ अंश? संगणकाच्या तापमानाचे आकडे कसे वाचायचे आणि खरी काळजी कधी करायची

तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्राम टाकला, यादी उघडली आणि त्यात लाल अक्षरांत १२७ अंश सेल्सिअस दिसलं, की कुणाच्याही छातीत धस्स होतं. संगणक नीट चालू असतो, फॅनचा आवाजही नेहमीचाच असतो. तरी माणूस घाईघाईने मशीन बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नेतो. तिथे थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला, उष्णता वाहून नेणारा लेप) बदलली जाते, कधी नवा कूलरही गळ्यात पडतो. घरी येऊन पाहावं तर आकडा जिथल्या तिथे, १२७.

तो आकडा खोटा असतो. मदरबोर्डवर तापमान, व्होल्टेज आणि फॅनचा वेग मोजणारी एक चिप असते, बहुतेक वेळा न्यूव्होटॉन किंवा आयटीई कंपनीची. या चिपला सेन्सर जोडण्यासाठी बऱ्याच पिना असतात, पण बोर्ड बनवणारा त्या सगळ्या वापरतोच असं नाही. ज्या पिनेला काहीच जोडलेलं नाही तिचंही माप चिप घेत राहते आणि प्रोग्राम ते इमानाने दाखवत राहतो. आठ बिटांच्या चिन्हांकित (अधिक किंवा उणे असू शकणाऱ्या) संख्येत मावणारी सर्वांत मोठी किंमत १२७ आणि सर्वांत लहान उणे १२८. म्हणून हे दोन आकडे वारंवार दिसतात.

उलटही घडतं. पडद्यावर निवांत ६० अंश दिसत असतात आणि लॅपटॉप मात्र गोगलगायीच्या चालीने चालतो, कारण कुठल्यातरी सेन्सरने प्रोसेसरचा वेग दाबून ठेवलेला असतो. माझं सांगणं एवढंच आहे की सुटा आकडा वाचू नका. तो कुठल्या सेन्सरचा, त्या भागाची मर्यादा किती, तेव्हा मशीन कोणतं काम करत होतं आणि खोलीत हवा किती तापलेली होती, या चार गोष्टी शेजारी मांडल्या की त्याला अर्थ येतो. त्या मांडायच्या कशा, ते आता क्रमाने पाहू.

आधी कुठला सेन्सर आहे ते ओळखा

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा लिब्रे हार्डवेअर मॉनिटर यांपैकी एकच प्रोग्राम ठेवा. दोन-तीन एकदम चालू ठेवले तर ते एकाच चिपशी एकाच वेळी बोलू पाहतात आणि मधूनच भलते आकडे उमटतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं (विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून, तेही वेगळं कार्ड असेल तर), प्रोसेसरचं दिसत नाही. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाका, एकदा सेन्सर्स-डिटेक्ट चालवा आणि मग टर्मिनलमध्ये सेन्सर्स ही आज्ञा द्या.

आता यादीतली नावं पाहू. इंटेलच्या मशीनवर ‘कोअरटेम्प’ किंवा ‘सीपीयू पॅकेज’ आणि एएमडीच्या मशीनवर ‘के१०टेम्प’ किंवा ‘टीडाय’, ‘टीसीटीएल’ या नावाखाली येणारा आकडा प्रोसेसरच्या आतला असतो. प्रोसेसरपुरता तोच धरायचा. ‘सीपीयूटिन’, ‘सिस्टिन’, ‘ऑक्सटिन’ ही नावं मदरबोर्डवरच्या चिपची. सिस्टिन बहुधा बोर्डाचं तापमान बऱ्यापैकी सांगतो. सीपीयूटिनवर विश्वास टाकू नका. ऑक्सटिनच्या ओळींमध्ये तर उणे ६० पासून १२७ पर्यंत काहीही सापडतं. आकडा खरा की खोटा ते ठरवायला सोपी कसोटी आहे: प्रोसेसरला दहा मिनिटं भरपूर काम द्या. सगळे खरे सेन्सर थोडेफार तरी हलतील. जो ढिम्म हलत नाही किंवा क्षणात तीस अंशांनी उड्या मारतो, तो यादीतून लपवून टाका. लिनक्सवर ‘एसीपीआयटीझेड’ नावाची ओळ कित्येक मशीनवर कायम २७.८ अंश दाखवते, मे महिन्यातही. ती बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरने) लिहून ठेवलेली ठरावीक किंमत असते.

एनव्हीएमई ड्राइव्हच्या (वेगवान एसएसडीच्या) ओळीसमोर कधी ‘खालची मर्यादा उणे २७३.१, वरची मर्यादा ६५२६१.८ अंश’ असं लिहिलेलं दिसतं. घाबरू नका. ड्राइव्ह तापमान केल्व्हिनमध्ये सांगतो. सोळा बिटांत मावणारे शून्य आणि ६५५३५ हे दोन टोकाचे आकडे सेल्सिअसमध्ये बदलले की नेमके हेच येतात. मर्यादा ठरवलेलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. इंटेलचा सेन्सर मुळात ‘मी अमुक अंशांवर आहे’ असं सांगतच नाही. ‘कमाल मर्यादेपासून मी इतका दूर आहे’ असं सांगतो आणि प्रोग्राम मर्यादेतून ते अंतर वजा करून तापमान दाखवतो. सेन्सर जुळवलेला असतो तो वरच्या टोकाशी, म्हणजे जिथे प्रोसेसरला जपायची गरज आहे तिथे. त्यामुळे ९० अंशांच्या आसपासचं माप भरवशाचं आणि ३० च्या आसपासचं अंदाजाचं. प्रोसेसरमधल्या एका कोअरवर (काम करणाऱ्या एका गाभ्यावर) ३१ आणि शेजारच्यावर ३७ दिसलं म्हणून झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

एएमडीचा किस्सा वेगळा. २०१७ मध्ये आलेल्या रायझन ७ च्या १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांत फॅन नियंत्रणासाठी म्हणून टीसीटीएलच्या आकड्यात मुद्दाम २० अंश मिळवलेले होते. खरं तापमान ५० असलं तरी पडद्यावर ७० दिसायचे. यातला एखादा जुना प्रोसेसर कुणी सेकंडहँड घेतला असेल, तर ‘टीडाय’ ही ओळ पाहावी.

मग त्या भागाची मर्यादा शोधा

‘८० च्या वर गेलं की धोका’ हा सल्ला सरसकट दिला जातो, पण प्रत्येक भागाची सहनशक्ती वेगळी असते. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश आहे, कोअर अल्ट्रा २०० मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांची १०५. एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्सची ९०, रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहतील अशा बेताने बनवलेत. कूलर चांगला असेल तर ते जास्त वेगाने पळतात, आकडा मात्र ९५ च्या जवळच राहतो. हे आधी कळलं नाही तर माणूस तीन कूलर बदलून बसतो. आपल्या प्रोसेसरचं पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर कमाल तापमान पाहा आणि कागदावर लिहून ठेवा.

बऱ्याच ग्राफिक्स कार्डांवर दोन आकडे येतात, कडेचा आणि आतल्या सर्वांत तापलेल्या जागेचा. दुसऱ्याला हॉटस्पॉट किंवा जंक्शन म्हणतात. एएमडीने २०१९ च्या आरएक्स ५७०० मालिकेच्या वेळी जाहीरच केलं होतं की गेम खेळताना जंक्शन ११० अंशांपर्यंत जाणं अपेक्षेतलं आहे. म्हणून निव्वळ हॉटस्पॉट पाहण्यापेक्षा दोन्हींमधलं अंतर पाहा. ते साधारण १० ते २० अंश असतं. ३० च्या वर गेलं तर पेस्ट सुकलीय किंवा हीटसिंक (उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा पट्ट्यांचा भाग) नीट टेकलेला नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही संदर्भ कार्डांमध्ये (एएमडीच्याच मूळ रचनेच्या) २०२३ च्या सुरुवातीला हेच अंतर बेसुमार वाढलेलं आढळलं, आणि व्हेपर चेंबरमध्ये (वाफेने उष्णता पसरवणाऱ्या, कूलरच्या बंद पोकळीत) पाणी कमी भरलं गेल्याचं निष्पन्न झालं.

एनव्हीएमई ड्राइव्ह साधारण ८० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करू लागतात. ७० च्या आत असतील तर बिनघोर राहा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला मात्र जपा. तिची कागदोपत्री मर्यादा बहुधा ६० असते, पण ती रोज ५० च्या वर राहत असेल तर समोर एक फॅन लावाच. प्रोसेसर स्वतःला वाचवतो, हार्ड डिस्क निमूटपणे सोसत राहते आणि एक दिवस आपले फोटो घेऊन जाते.

खोलीचं तापमान मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

इंटरनेटवर सापडणारे ‘रिकाम्या मशीनला ३० ते ३५, कामात ६५’ हे आकडे बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीत बसून लिहिलेले असतात. हीटसिंक प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त हवेपेक्षा किती अंश वर राहायचं ते ठरवतो. तेच काम, तोच फॅनचा वेग असेल तर खोली जितकी तापेल साधारण तितकाच प्रोसेसर तापतो. २१ अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारं मशीन हवेपेक्षा ४४ अंश वर आहे. तेच मशीन मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ३९ अंशांच्या खोलीत ठेवा, ८३ दाखवेल. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसतं.

म्हणून भिंतीवरचा साधा थर्मामीटर मशीनजवळ ठेवा, फॅनची गरम हवा लागणार नाही अशा बेताने, आणि प्रत्येक आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा. ही वजाबाकी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जवळपास सारखी आली तर कूलर ठीक आहे. दरवर्षी वाढत गेली तर धूळ किंवा पेस्ट. मला विचाराल तर या लेखातली सर्वांत उपयोगी सवय हीच.

आता मोजमाप घ्या

मशीन सुरू करून पंधरा मिनिटं रिकामं राहू द्या. ब्राउझर बंद, अपडेट चालू नाहीत याची खात्री करा. आकडा लिहा. बायोसच्या पडद्यावरचा आकडा घेऊ नका. तिथे प्रोसेसरची वीज वाचवायची व्यवस्था पुरती लागू नसते आणि तो ५-१० अंश जास्त दिसू शकतो.

मग सिनेबेंचसारखी चाचणी दहा मिनिटं फिरवत ठेवा, लिनक्सवर स्ट्रेस-एनजी चालेल. प्राइम९५ मधली सर्वांत जड चाचणी मी सुचवत नाही. ती प्रोसेसरला असं राबवते की रोजच्या कामात तशी वेळ सहसा येत नाही. तापमानासोबत तीन रकाने उघडे ठेवा: घड्याळाचा वेग (क्लॉक, म्हणजे प्रोसेसर किती वेगाने चालतोय), वापरलेली वीज वॅटमध्ये आणि फॅनचे फेरे. नव्या प्रोसेसरांत साधं पान उघडलं तरी एखादा कोअर क्षणभर जोर लावतो आणि आकडा ४० वरून ६० वर जाऊन परत येतो. हे टोक म्हणजे आजार नव्हे, म्हणून कमाल रकान्याऐवजी सरासरी पाहा.

आलेखाची चढण वाचा

या टप्प्यावर लोक घाई करतात, पण निम्मं निदान इथेच होतं. तापमान किती झालं यापेक्षा ते कसं चढलं हे महत्त्वाचं.

चाचणी सुरू होताच दोन-तीन सेकंदांत आकडा ९५-१०० ला भिडला आणि हीटसिंकला हात लावला तर तो कोमटच लागला, तर उष्णता प्रोसेसरमधून बाहेर पडतच नाही. कूलर नीट टेकलेला नाही, पेस्ट सुकून भुकटी झालीय, किंवा पाण्याच्या कूलरचा पंप बंद पडलाय. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दाबपिना असतात. मशीन टेम्पोतून हलवलं की त्यातली एखादी निसटते. घर बदलल्यानंतर अचानक तापायला लागलेल्या डेस्कटॉपमध्ये सर्वांत आधी या पिना तपासा. नव्याने जोडलेल्या मशीनमध्ये कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिली नाही ना, तेही बघा.

आकडा पटकन ७० ला गेला आणि मग पंधरा-वीस मिनिटांत मुंगीच्या पावलाने ९० पर्यंत चढला, तर कूलर आपलं काम करतोय, पण कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नाही. खात्रीसाठी बाजूचं झाकण काढून तीच चाचणी परत करा. पाच-दहा अंशांचा फरक पडला तर दोष हवेच्या वाटेत आहे. आपल्याकडच्या संगणक टेबलांना ‘सीपीयूचा कप्पा’ असतो, मागून फळी ठोकलेला. त्यात टॉवर कोंबला की तो स्वतःनेच सोडलेली गरम हवा परत ओढतो. फळी काढा किंवा टॉवर बाहेर ठेवा. खर्च शून्य, आणि बऱ्याच घरांत एवढ्यावरच काम भागतं.

प्रोसेसर खरंच दबतोय का, त्याचा पुरावा

तापमान मर्यादेला टेकलं की प्रोसेसर वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘थर्मल थ्रॉटलिंग’ची ओळ असते, तिच्यासमोर ‘येस’ आलं का पाहा. लिनक्सवर कर्नलच्या नोंदींमध्ये ‘कोअर टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड’ असा संदेश सापडतो. हा पुरावा नसेल आणि वेग कंपनीने सांगितलेल्या मूळ वेगाच्या वर टिकत असेल, तर ८८ अंश दिसोत की ९२, तुमचं काही नुकसान होत नाही. पातळ लॅपटॉप तर जड कामात मर्यादेला टेकणारच. तिथे वेग मूळ आकड्याच्या खूप खाली घसरतो का, तेवढंच पाहायचं.

एक फसवं प्रकरण सांगतो. लॅपटॉप थंड आहे, ४५ अंश, पण वेग ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवरच अडकलेला. इथे प्रोसेसरला बाहेरून ‘तापलास, थांब’ असा खोटा इशारा मिळत असतो. बोर्डावरचा बिघडलेला सेन्सर किंवा लॅपटॉपला न ओळखू येणारा स्वस्तातला चार्जर ही नेहमीची कारणं. आधी मूळ चार्जर लावून पाहा.

मशीन अचानक बंद पडलं म्हणजे ते तापलंच, असंही धरू नका. विंडोजच्या नोंदींमधला ‘कर्नल-पॉवर ४१’ फक्त एवढंच सांगतो की मशीन नीट बंद न होता गेलं. त्यामागे पॉवर सप्लाय असू शकतो, वीज असू शकते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचं कोलमडणं तर वाढीव व्होल्टेजमुळे होत होतं. कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य करून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची सुधारित आवृत्ती) दिला आणि वॉरंटीही वाढवली. असा प्रोसेसर असेल तर कूलर घेण्याआधी बायोस अपडेट करा.

उपाय, स्वस्तापासून महागाकडे

जागा बदलली, लॅपटॉप गादीवरून टेबलावर आला, तरी फरक नाही, तर धूळ. मशीन बंद करून प्लग काढा. लॅपटॉपमध्ये फॅन आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्या मधोमध धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून ब्लोअर मारला की तो आतल्या आत घट्ट होतो. खालचं झाकण उघडून, फॅन बोटाने धरून, तो थर चिमट्याने उचलायचा आणि मग हवा मारायची. फॅन मोकळा ठेवून ब्लोअर मारला तर तो भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. उन्हाळ्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम उरकलेलं बरं. कोकणात आणि गोव्यात दमट हवेने धूळ चिकट होते, तिथे कुंचल्याची मदत घ्यावी लागते. वाळ्याच्या कूलरचा झोत थेट मशीनवर घेऊ नका, त्यातून पाण्याचे तुषारही येतात.

धूळ काढूनही वजाबाकी कमी होत नसेल तर पेस्ट. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा, मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवा, कूलर बसवा आणि स्क्रू आलटून-पालटून, समोरासमोरचे आवळत जा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा (प्रोसेसर बसवायच्या खाचेवरचा) कूलर थंड मशीनमधून सरळ वर ओढू नका. पेस्ट चिकटलेली असते आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून बंद करा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

पैसे न घालता एक उपाय उरतो. विंडोजच्या वीज योजनेत ‘प्रोसेसरची कमाल अवस्था’ १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर टर्बो (मूळ वेगाच्या वरचा वाढीव वेग) बंद होतो. लॅपटॉपचं तापमान बऱ्याचदा दहा अंशांहून जास्त उतरतं. वेग घटतो, पण लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांत तो जाणवत नाही. भर उन्हाळ्यात पंख्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपला मी हेच सुचवेन.

जेव्हा लगेच थांबायचं

प्रोसेसरचे ९५ अंश वाट पाहू शकतात, पण फुगलेली बॅटरी नाही. टचपॅड वर आलाय, झाकण नीट बंद होत नाही, तळ टेबलावर डगमगतो, यातलं काहीही दिसलं तर सेन्सर काय म्हणतात ते पाहत बसू नका. चार्जर काढा, मशीन बंद करा, बॅटरी टोचू किंवा दाबू नका आणि ती बदलून घ्या. जळका वास आला तर भिंतीवरचं बटण आधी बंद.

दुकानात मशीन न्यायचंच झालं तर तो कागद सोबत न्या: खोलीचं तापमान, रिकाम्या अवस्थेतला आकडा, दहा मिनिटांच्या कामानंतरचा आकडा, तेव्हाचा वेग आणि फॅनचे फेरे, शिवाय चढण सेकंदांतली की मिनिटांतली. दुरुस्ती झाल्यावर तीच चाचणी दुकानातच पुन्हा लावायला सांगा आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहून मगच पैसे द्या.